तुझा सवाल आणि माझा बाक

नागू, तुझ्या कॉलेजातली पोरं काल हॉटेलात आलती. तुझ्यावर एक लहानसं पुस्तक काढायचं म्हणतात. जन्म कधीचा, डिग्री कोणत्या साली, नोकरी कुठं कुठं, असलं सगळं ती तुझ्या ऑफिसातून आणणार आहेत. मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही तुमच्या मनातलं लिहा." मी म्हणलो, मी चौथी शिकलेला माणूस, माझं अक्षर वाचता वाचता तुमाला दम लागंल. त्यांना वाटलं मी नको म्हणतोय. नको कावून म्हणीन? तुझ्याबद्दल दुसऱ्यानं कुणी लिहायचं आणि मी चष्मा पुसून वाचत बसायचं, हे मला चालायचं नाही.

म्हणून लिहितो, आणि सरळ तुलाच लिहितो. दुसऱ्याला सांगायला गेलो की तुला "सर" म्हणावं लागतं. बायकोच्या धाकट्या भावाला मी या वयात सर म्हणणार नाही.

तुझा दिवस अजून व्हायचाय. तुझी आक्का स्वयंपाकघरात बसलीय. मधेच रडती, मधेच तुझ्यावर डाफरती की बिनसाखरेचा चहा पी म्हणलं तर ऐकत नव्हता. मी इथं गल्ल्यावर बसून लिहितोय. समोर स्टेशन रोड वाहतोय, तुझा लाडका.

तुला आठवतं का, शिकायला जायचं तू मला पहिल्यांदा कधी बोललास? ते दिवस असे होते की या रस्त्यावर रोज काहीतरी नवं उगवायचं. कोपऱ्यावर पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ आलं. माझ्या हॉटेलात थंड्याच्या बाटल्यांचं लाल कपाट आलं. गल्लीतल्या पोरांच्या बुडाखाली नव्या मोटारसायकली आल्या, काळ्या-पिवळ्या जीपा आल्या, थर्मलच्या राखेचे ट्रक तर होतेच. रस्ता तेवढाच आणि चालणारी माणसंबी तेवढीच. तू इथंच परळीत ज्युनियर इंजिनियर. नेकनूरहून आलेला, पक्क्या नोकरीचा, दोन लेकरांचा बाप, चाळिशीला टेकलेला. चहा ढवळत ढवळत म्हणालास,

"दाजी, मी पुण्याला शिकायला चाललो. दोन वर्षं."

"कशाचं शिक्षण?"

"नगररचना आणि वाहतूक. गाव कुणीकडं वाढवायचं, माणसं आन् गाड्या कशा न्यायच्या, त्याचं. एम.ई. म्हणतात त्याला."

"रस्त्यात शिकायचं काय बे? माझं सगळं आयुष्य रस्त्याच्या कडंला गेलं, मला कुणी डिग्री दिली न्हाई."

"दाजी, रस्ता करायला मला येतो. कुठं करायचा, ते येत न्हाई."

"रस्ता आहे तिथंच करायचा की!"

तू एवढा हसलास की चहा बशीत सांडला. पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. रजा बिनपगारी होती. दोन वर्षांत डिग्री घेऊन हजर व्हायचं, नाही तर नोकरी जाणार आणि शिक्षणबी अर्ध्यात राहणार. तुझ्या सुमननं तोंड फुगवलं होतं. आक्कानं तर दोन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं, जसं काय मीच तुला पाठवत होतो. मी सगळ्यांसमोर म्हणलो, हा येडा झालाय. आणि तू स्टेशनात गाडीत बसलास त्या दिवसापासून गिऱ्हाइकांना सांगत सुटलो, आमचा मेव्हणा रस्त्यांचा डॉक्टर व्हायला गेलाय.

पुण्याला मी तुला बघायला आलतो. धपाटी आणि शेंगाची चटणी घेऊन. होस्टेलातली पोरं तुला काका म्हणायची, म्हणून मला लगेच आजोबा करून टाकलं. तेव्हा मी आजोबा म्हणण्यासारखा नव्हतो, पण चटणीवर त्यांचा हात बघून सोडून दिलं. तू मला तुमच्या वर्गात नेलंस. भिंतीला ही मोठी चादरीएवढी नकाशाची गुंडाळी उलगडलेली. आपलं परळी होतं ते. तू एकेक रंग दाखवलास. राहती घरं पिवळी, दुकानं निळी, शाळा-दवाखाने तांबडे. मी माझं हॉटेल हुडकून काढलं. निळं होतं.

मी म्हणलो, "हे चुकलंय. खाली हॉटेल हाय ते निळं कर. पण वर मी राहतो, ते पिवळं पाहिजे."

"दोन्ही एकाच जागेवर कसं दाखवू दाजी?"

"निळ्यात पिवळा कालव. हिरवा होतो. मला हिरवा रंग दे."

"हिरवा म्हणजे बाग!"

"मग बाग समज. येऊन बसतातच की लोकं."

वर्गातली सगळी पोरं बाकं बडवून हसली. तुझे गुरुजी दारात उभे राहून ऐकत होते. ते काही हसले नाहीत. तुला म्हणाले, "यांचं खालचं-वरचं एकत्र कसं दाखवायचं, ते पुढच्या आठवड्यात वर्गापुढं मांडा." परळीला येईपर्यंत गाडीत माझी मान ताठ होती. पुढं तू त्या नकाशावर माझ्या हॉटेलाला निळे-पिवळे आडवे पट्टे मारलेस. मला वाघासारखं दिसायला लागलं ते.

आता मुद्द्यावर येतो. आपलं भांडण ज्याच्यावरून झालं आणि मिटलं नाही, त्या सर्व्हेवर.

शेवटच्या वर्षी तुला तुझ्या प्रबंधासाठी गाव निवडायचं होतं. बाकीच्यांनी मोठाली शहरं घेतली, पूल-बिल काढले. तू आपला स्टेशन रोड घेतलास. माणसं सकाळी माझ्या हॉटेलासमोरच्या एसटी थांब्यावर जमतात ती पुढं कुठं जातात, हे मोजल्याशिवाय प्रबंध पुरा होणार नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत होस्टेलातली चार पोरं घेऊन आलास. दोनच दिवस होते त्यांच्याकडं. ते दोन दिवस हुकले की परीक्षा हुकणार, परीक्षा हुकली की रजा संपणार. हे सगळं तू मला आदल्या संध्याकाळी हॉटेलाबाहेर रस्त्याला लागून असलेल्या या बाकावर बसून सांगितलंस. आणि छापून आणलेला कागद दाखवलास. पहिलाच सवाल होता, "कुठे चाललात?"

मी कागद खाली ठेवला. "हे इचारू नको."

"का?"

"का काय? नेकनूरात वाढलास ना तू? निघालेल्या माणसाला कुठं म्हणायचं न्हाई. काम बिघडतं त्याचं. लांब निघालात का म्हणावं, कुणीकडं दौरा म्हणावं."

"दाजी, हा शास्त्रीय सवाल हाय. शास्त्राला शकुन-अपशकुन नसतो."

"शास्त्राला नसंल. एसटीला निघालेल्याला असतो."

"मग कंडक्टर रोज इचारतो ते?"

"कंडक्टर 'बोला' म्हणतो. 'कुठं' म्हणत न्हाई. उद्या कान देऊन ऐक."

तू कागद उचललास. मग म्हणालास, "दाजी, कुठं इचारल्याबिगर रस्ता बांधता येत न्हाई." मी म्हणलो, आजवर बांधलेच की. आक्का आतून ओरडली, दोघं जेवायला या, नाही तर भाकरी गाईला घालते.

सकाळी बीडची पहिली गाडी लागायच्या आत तुझी पोरं हॉटेलासमोर उभी. हातात पाटी, पाटीला चिमटा, गळ्यात दोरीनं बांधलेली पेन्सिल. तू स्वतः रेल्वे फाटकावर गाड्या मोजायला गेलतास. इथल्या पोरांचा म्होरक्या नितीन. मुंबईत वाढलेला, गोरा, गुणी, आणि बोलायला लई गोड. पहिलं गिऱ्हाईक त्याला मिळालं ते नवं धोतर, कडक टोपी, काखेत पिशवी असं एक म्हातारं.

"काका, कुठं चाललात?"

म्हातारं जागच्या जागी थिजलं. "काय म्हणलास?"

नितीनला वाटलं सवाल समजला नाही. त्यानं समजावून सांगितलं, "म्हणजे, तुमच्या प्रवासाचा शेवट कुठं आहे?"

"माझा शेवट इचारतो का रं भाड्या? पोराला पोरगी बघायला निघालोय मी!"

म्हातारं तरातरा मागं वळलं आणि माझ्या बाकावर येऊन बसलं. "शेट, पाणी द्या." मी दिलं. त्यानं पाणी पिलं, गुळाचा खडा तोंडात टाकला, जरा दम खाल्ला आणि नव्यानं निघालं. तुला माहीत आहेच, कुणी कुठं म्हणलं की असंच करायचं असतं. मागं यायचं, बसायचं, पाणी प्यायचं, मग नव्यानं पाऊल टाकायचं. म्हणजे पहिलं निघणं धरलं जात नाही. पण नितीनला हे कसं माहीत असणार? पोरगं इमानदार. समोर आलेला माणूस त्याच्या लेखी नवा माणूस. पुढं झालं आणि गोड आवाजात म्हणालं,

"काका, कुठं चाललात?"

म्हातारं परत बाकावर. मी परत पाणी. तिसऱ्या खेपेला ते गाडीच्या मागून वाकून वाकून गेलं, तर तिकडं तुझं दुसरं पोरगं पाटी घेऊन उभं.

नागू, त्या सकाळी मी जेवढा हसलो तेवढा माझ्या लग्नातबी हसलो नव्हतो. सासरी निघालेल्या पोरी, कोर्टाला निघालेले दोन भाऊ, दवाखान्याला निघालेली माणसं, ज्याला विचारलं तो मागं वळून माझ्या बाकावर. बाक भरला, मग ओटा भरला, मग लोकं आत टेबलावर बसली. सगळ्यांच्या हातात पाण्याचे गिलास आणि सगळ्यांचे डोळे तुझ्या पोरांवर. गाडी हॉर्न मारून मारून बेजार. कंडक्टर खाली उतरून माझ्याकडं आला. "शेट, आज समदं परळी तुमच्याकडंच उतरलं का काय?" मी म्हणलो, उतरलं नाही, निघालंच नाही अजून.

दुपारी तू आलास. पोरांचे कागद चाळलेस, एकदा, परत एकदा. म्हणालास, "दाजी, या कागदाप्रमाणं सकाळधरनं जेवढी माणसं गेली, तेवढी या भागात राहत न्हाईत."

"गेली कुठं? सगळी इथं बसलीत. एकेकाला तीनदा लिवलंय तुझ्या पोरांनी."

तू आधी हसलास. पोट धरून हसलास. आणि हसता हसता तुझं तोंड उतरत गेलं ते मला दिसलं. सकाळ गेली होती. उरला होता उद्याचा एक दिवस, आणि विचारायला जो सवाल होता तो या गावात कुणी ऐकूनच घेत नव्हतं. तू बाकावर बसलास. डोकं दोन्ही हातात. आक्कानं तुलाबी पाण्याचा गिलास आणून दिला.

तेवढ्यात दवाखान्याच्या बाजूनं एक बाई आली. कडंवर लेकरू, घामानं भिजलेली, परतीच्या गाडीसाठी सावलीला टेकली. आक्का दारातूनच म्हणाली, जशी ती सगळ्यांनाच म्हणती, "कुठून आलीस गं बाई एवढी दमून?"

आणि बाई बोलायला लागली. मोठ्या दवाखान्यातून आले. लेकराचा ताप चार दिवस उतरेना. थांबा इथं, दवाखाना तिथं, ट्रकच्या कडंकडंनं लेकरू घेऊन चालायचं म्हणजे जीव मुठीत. सकाळी येताना चालले, आता जाताना चालले. रिक्षावाला दिसला तर तो म्हणतो, एवढ्याशा अंतराला येत नाही. ती बोलत होती आणि तू गिलास हातात धरून ऐकत होतास. पाणी पिलंच नाहीस. मग उभा राहिलास.

"दाजी, जाताना इचारायचं न्हाई. येताना इचारलेलं चालतं?"

"येताना काय, पोटभर इचार. न इचारलं तर राग येतो माणसाला."

"मग झालं की!" तू पोरांना हाक मारलीस. "पहिला सवाल खोडा. सकाळी कुणाला हात लावायचा न्हाई. माणूस सकाळी जिथं जातो, संध्याकाळी तिथूनच येतो. परतीच्या माणसाला इचारा, कुठून आलात."

हे तुझं डोकं, नागू. हे माझ्या डोक्यात आलं नसतं, कबूल. मला नाही कसं म्हणायचं तेवढं येतं. तू नाहीमधनं वाट काढायचास.

मग त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, उन्हं कलल्यावर जी मजा झाली! सकाळी तोंड न उघडणारी माणसं पोरांना सोडंनात. एकानं नितीनपुढं छातीचा एक्सरे धरला आणि उन्हाकडं करून दाखवला. कोर्टातून आलेल्या भावांनी दोन बाजूंनी दोन पोरं धरली आणि आपापली केस सांगितली. एका म्हातारीनं सगळं सांगून झाल्यावर विचारलं, "आता तू कुणाचा रं?" तेव्हा नितीनला त्याची सगळी वंशावळ सांगावी लागली. पोरांच्या पेन्सिली झिजल्या. आणि दिवस मावळायच्या आत ते धोतरवालं म्हातारं परत आलं. पोरगी पसंत पडली होती. त्यानं नितीनच्या हातावर पेढा ठेवला आणि पाठीत एक धपका घातला.

तू लगेच माझ्याकडं वळलास. "बगा दाजी! तीनदा कुठं इचारलं त्याला. लागला का अपशकुन?"

"कावून लागंल? तिन्ही खेपेला माझ्या बाकावर बसून, पाणी पिऊन गेलाय तो!"

हे ते भांडण. तू म्हणायचास, विचारलं तरी काही झालं नाही. मी म्हणायचो, बाक होता म्हणून झालं नाही. वर्षानुवर्षं आपण हे बोलत आलो. गौरी-गणपतीला बोललो, तुझ्या पोरीच्या साखरपुड्यात बोललो, सुमन कंटाळून उठून गेली तरी बोललो. ना तू हरलास, ना मी.

नंतर तू त्या कागदांवरनं नकाशा काढलास आणि माझ्याच टेबलावर पसरून मला दाखवलास. ज्याला जिथं जायचं तिथवर सरळ रेघ, मधे रस्ता असो नसो. जितकी माणसं जास्त तितकी रेघ जाड. तू म्हणालास, ही माणसांच्या मनातली रेघ. मी म्हणलो, सगळ्यात जाड रेघ देवळाला जाणार, पैज लाव. रेघ गेली दवाखान्याला. माझा विश्वास बसेना. एवढी माणसं रोज माझ्यासमोरनं दवाखान्यात जातात आणि मला पत्ता नाही? तू हळू आवाजात म्हणालास, "दाजी, दवाखान्याला निघालेलं माणूस कुणाला सांगतच न्हाई. आन् आपण इचारत न्हाई." त्यावर मी गिऱ्हाईक बघायला उठलो.

आणि उठलो तसा परत येऊन तुला विचारलं, की पुस्तकात बैलगाडी कितीची धरली? तू म्हणालास, एक बैलगाडी म्हणजे कितीतरी मोटारींच्या बरोबर, रस्ता तेवढा अडवती म्हणून. मी म्हणलो, मग बैलगाडी हाकणारा आमचा बाप मोटारींचा कारखानदारच होता म्हणायचा. आणि उभी म्हैस? तू डोकं खाजवलंस. उभ्या म्हशीला तुमच्या पुस्तकात आकडा नव्हता. अजून बसवला नाही तुम्ही, पोरांनो, वाचत असाल तर बघा जरा.

डिग्री झाली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या साहेबांनी विचारलं म्हणे, की अर्धेच सवाल का विचारले? तू सांगितलंस, "सर, आमच्याकडं निघालेल्याला इचारत न्हाईत, परतलेल्याला इचारतात." साहेब विदर्भातले निघाले. म्हणाले, "आमच्याकडेही." आणि तू पास. तुझ्या काळ्या पुठ्ठ्याच्या जाड प्रबंधात माझ्या हॉटेलाचा फोटो छापला होता, समोर बाक, बाकावर मी, हात मांडीवर, एकदम राजासारखा. खाली इंग्रजीत काहीतरी. मी विचारलं, काय लिहिलंय? म्हणालास, "तुमची वळख." मी तो फोटो मोठा करून गल्ल्यामागं लावला, खालच्या इंग्रजीसकट. सहा महिन्यांनी बँकेतला एक साहेब चहा पिता पिता वाचून खोकायला लागला. त्यानं सांगितलं, शेट, इथं लिहिलंय, "अतिक्रमण."

त्या दिवसापासून पुढं कितीतरी दिवस तुला मी उभ्यानं चहा पाजला. तू टेकायला गेलास की म्हणायचो, उठ, सरकारी माणसानं अतिक्रमणावर बसू नये. तू म्हणायचास, "दाजी, बाक दोन हात मागं घ्या. लोकं याच्यापायी रस्त्यात उतरून चालतात." मी म्हणायचो, लोकं याच्यावर बसतात. फोटो मात्र मी काढला नाही. अजून आहे. अतिक्रमण असलं तरी छापून आलेलं आहे, परळीत कितीजणांचं येतं?

पुढं तू नोकरी सोडून नव्या कॉलेजात शिकवायला लागलास. त्या जाड रेघेवरनं तू मागितलेला दवाखान्याजवळचा थांबा मंजूर व्हायला लई वर्षं गेली, पण झाला. पत्र्याची सावली, खाली फरशी, बसायला कट्टा. माझी अर्धी गिऱ्हाइकं तू तिकडं पळवलीस. मी एकदा चिडून बघायला गेलो, काय एवढं केलंय म्हणून. एक बाई लेकराला मांडीवर घेऊन सावलीला बसली होती, दवाखान्याच्या अगदी दारासमोर. मी तिला विचारणार होतो, पण ती निघालेली होती का आलेली, ते मला कळेना. म्हणून न विचारता परत आलो. तुला हे सांगितलं नव्हतं. आता ऐक.

निघताना तू मला चिडवायला कायम "जातो दाजी" म्हणायचास. मी ओरडायचो, येतो म्हण बे. हे आपलं रोजचं. त्या दिवशी, छातीत दुखतंय म्हणून तुला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, जीप हॉटेलासमोर थांबली, सुमन आत बसली. तू खिडकीतून तोंड काढून म्हणालास, "येतो दाजी."

मी न सांगता म्हणालास.  मी चेहरा हसरा ठेवला. म्हणलो, सावकाश नेतील, भिऊ नको.

तू हसलास. "दाजी, आता तरी इचारा की एकदा, कुठं चाललास म्हून."

"न्हाई इचारत. परत ये. मग इचारतो, कुठून आलास."

"लई सांगीन मग. पेन्सिल झिजंल."

जीप गेली. मी विचारलं नाही, नागू. रीत पाळली. तू आलास, पण विचारण्यासारखा आला नाहीस.

आपल्या लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. तुला बसवलं होतं. कपाळाला विभूती, गळ्यात झेंडूचा हार, मान थोडी कलती, चहा यायची वाट बघत असल्यासारखा. गल्लीतून निघून तुला स्टेशन रोडनंच न्यायचं होतं, माझ्या हॉटेलावरनं. मी सगळ्यांच्या पुढं चालत होतो. बाकाजवळ आलो आणि मला काय झालं कोण जाणे. मी मागं फिरलो आणि रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिलो. खांदेकरी थांबले. मी तुझ्या तोंडाकडं बघून, सगळ्या परळीला ऐकू जाईल असं विचारलं,

"नागू, कुठं चाललास बे?"

भजन थांबलं. कुणीतरी म्हातारं माणूस म्हणालं, "शेट, असं इचारू नये." मी म्हणलो, मला माहीत आहे. म्हणूनच विचारतोय.

कुणाला काही कळलं नाही. तुझ्या आक्काला कळलं. ती बायकांतून बाहेर आली, आत गेली, पाण्याचा गिलास भरून आणला आणि बाकावर ठेवला. पदर तोंडाला लावून बाजूला उभी राहिली. आम्ही दोघं बघत होतो. तुझ्या मागं राखेचे ट्रक, जीपा, मोटारसायकली, एक बैलगाडीसुद्धा, सगळं थांबलेलं, फाटकापर्यंत तुंबलेलं. एकानंबी हॉर्न मारला नाही. तुझ्या पुस्तकाच्या हिशोबानं तो सगळा अडथळा माझ्यामुळं होता. तू असतास तर पोरांना मोजायला लावलं असतंस.

मग जंगमस्वामींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी बाजूला झालो.

परवा माझा थोरला म्हणाला, आबा, मामा कायम सांगायचे, आता त्यांच्या नावानं तरी बाक दोन हात मागं घेऊ. सुमनबी हो म्हणाली. आक्का माझ्याकडं बघत राहिली. मी त्यांना सांगितलं, बाक हलणार नाही. त्यांना वाटलं म्हाताऱ्याचा हट्ट. असंल. पण तू नीट ऐक, कारण हे भांडण तुझं-माझं आहे. तू निघालास, आणि मी तुला कुठं म्हणून विचारलंय, चारचौघांत, मोठ्यानं. विचारलेलं माणूस मागं वळतं, बसतं, पाणी पितं. तुझं शास्त्र काही म्हणो, आपल्याकडं असंच आहे. उद्या तू वळलास, आणि हा बाक जागेवर नसला तर?